जुन्या गाडीचे इंजिन बांधून घ्यावे की दुसरे बसवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६८ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंजिन मूळचेच, १,७९८ सीसीचे. सकाळी सुरू करताना निळा धूर येतो. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा पाय दिला की आरशात धुराचा लोट दिसतो. इंजिन तापले की आयडलिंगला तेलाचा दाब १० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे एकक) उतरतो आणि पाचशे किलोमीटरला लिटरभर तेल घालावे लागते. मेकॅनिकचे म्हणणे असे की, यावर खर्च करण्यापेक्षा आधुनिक गाडीचे इंजिन बसवा, ताकद वाढेल आणि कटकट संपेल. गाडी वडिलांची, म्हणून मूळ इंजिन काढायला मन धजत नाही. पण ती हायवेवर न दमता चालावी असेही वाटते.

माझे मत आधीच सांगतो: तुमच्या जागी मी असतो तर हेच इंजिन बांधले असते. पण ते खोलण्याआधी दोन दिवस फक्त मोजमापात घालवले असते. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून इंजिन संपले आहे असे मला मुळीच वाटत नाही. त्यातली निम्मी लक्षणे हेडची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाची आहेत, आणि हेड तर इंजिन गाडीतच ठेवून उतरवता येते.

धूर कधी येतो हे धुराच्या रंगाइतकेच महत्त्वाचे असते. उतारावर थ्रॉटल बंद असतो, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरत असते. त्या वेळी इनलेट मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो. व्हॉल्व्ह गाईड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यांतून सरकतो त्या नळ्या, झिजलेल्या असतील तर त्या व्हॅक्यूममुळे वरचे तेल गाईडमधून खाली खेचले जाते, आणि पुन्हा पाय दिला की जळून बाहेर पडते. सकाळच्या धुराचे कारणही तेच: रात्रभर गाईडमधून तेल झिरपून व्हॉल्व्हवर साचलेले असते. पिस्टनभोवतीच्या रिंगा गेलेल्या इंजिनाचा धूर असा वेळ बघून येत नाही. चढावर, ओझ्याखाली तो सतत येतो आणि ब्रीदरच्या पाइपमधूनही वाफेसारखा फुसफुसत राहतो. चढावर धूर येत असल्याचे तुम्ही कुठेच म्हटलेले नाही. एकदा मुद्दाम चढ चढून बघा, मागे कोणाला तरी दुसऱ्या गाडीत बसवून. चालवणाऱ्याला स्वतःचा धूर नीट दिसत नाही.

त्यानंतर कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणे. ती बहुतेक ठिकाणी चुकीची केली जाते, म्हणून पद्धत सांगतो. इंजिन पूर्ण गरम हवे. चारही प्लग काढायचे, फक्त तपासायच्या सिलिंडरचा नाही. इग्निशनची जोडणी सोडून ठेवायची, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, बॅटरी भरलेली हवी, आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर सारखाच वेळ फिरवायचा. थ्रॉटल बंद ठेवला तर हवाच आत जात नाही आणि धडधाकट इंजिनसुद्धा मरणपंथाला लागल्यासारखे दिसते. ८.८ कंप्रेशन रेशोच्या या इंजिनात १६० पीएसआयच्या आसपास आकडा आला तर तब्येत चांगली. १४० आला तरी मी घाबरणार नाही, पण चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. जो सिलिंडर कमी भरेल त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर गळती रिंगांतून आहे. हलला नाही तर व्हॉल्व्हमधून. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले निघाले तर बहुधा त्या दोघांमधले हेड गॅस्केट गेलेले असते.

मला स्वतःला लीक-डाऊन टेस्टवर जास्त भरवसा आहे. पिस्टन कंप्रेशनच्या टोकाला आणून ठेवायचा, प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते पाहायचे. दहा टक्क्यांपर्यंत गळती निघाली तर मी त्या सिलिंडरला हात लावत नाही. पंचवीसच्या पुढे गेली तर खोलावेच लागते. या टेस्टची खरी गंमत मात्र आकड्यात नाही, कान लावण्यात आहे. तेल भरण्याच्या झाकणातून हवेचा आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरच्या टोकाला आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आला तर इनलेट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट नाहीतर हेडला तडा. इंजिनातला एकही बोल्ट न काढता आतला आजार इतका स्पष्ट सांगणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

आता तेलाचा दाब. १० हा आकडा ऐकून मेकॅनिकने इंजिन बाद ठरवले असेल तर ती घाई आहे. आधी दुसरे, खात्रीचे गेज लावून बघा. डॅशबोर्डवरचे गेज पन्नासहून अधिक वर्षांचे आहे. मग डिपस्टिकचा वास घ्या. कार्ब्युरेटर भरून वाहत असेल तर पेट्रोल तेलात उतरते, तेल पातळ होते आणि दाब पडतो. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि तिची बैठक तपासा. हे अर्ध्या तासाचे काम आहे. तुमच्या या बी-सिरीज इंजिनात गरम आयडलिंगला १५ ते २५ चा दाब असेल तर उत्तम. १० जरा कमी आहे, पण माझा निर्णय त्या आकड्यावर ठरत नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर ३,००० आरपीएमला गेज काय दाखवते ते मला हवे. दर हजार आरपीएमला निदान १० पीएसआय हा जुना ठोकताळा आहे, पण या इंजिनात धावताना दाब ५० च्या वर असायला हवा. तिथे ३० च निघाले तर बेअरिंगे बघावीच लागतील. तेल बदलताना फिल्टरचा कागद उलगडून उन्हात धरा. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले ते लोखंड. न चिकटलेले करडे किंवा तांबूस कण म्हणजे बेअरिंगचा वरचा थर निघतो आहे. असे कण दिसल्यावर गाडी पुढे चालवू नका. आज ग्राइंडिंगने सुधारणारा क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, महिन्याभराने टाकून द्यावा लागतो.

मोजमापात खालचे अंग, म्हणजे पिस्टन, क्रँक आणि बेअरिंगे, ठीक निघाले, तर तुमचे काम फक्त हेडचे आहे: नवे गाईड, स्टेम सील, व्हॉल्व्ह आणि सीट. त्यातच एक्झॉस्टच्या बाजूला कडक धातूच्या सीट बसवून घ्या. ही इंजिने शिसे असलेल्या पेट्रोलसाठी बनली होती. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये उशीसारखा राहायचा. २०२१ मध्ये जगातल्या शेवटच्या देशातही असे पेट्रोल पंपावर मिळणे बंद झाले. बिनशिशाच्या पेट्रोलवर मऊ बिडाची सीट सतत वेगात चालवल्यास हळूहळू खचत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला, गॅप नाहीसा होतो. दर वेळी टॅपेट सेट करताना गॅप कमीच झालेला सापडत असेल तर हेच चालले आहे असे समजा.

आता समजा, खालचेही गेले आहे. मग ‘इंजिन बांधून देतो’ म्हणणाऱ्याला तो नक्की काय करणार आहे ते विचारा, कारण या एका शब्दात फार वेगवेगळी कामे घुसतात. कोणी नुसत्या रिंगा आणि बेअरिंगे बदलतो, वर रंग मारतो आणि त्यालाही बांधणीच म्हणतो. झिजलेल्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, नव्या रिंगा म्हणजे अंडाकृती भोकात गोल बूच बसवण्यासारखे आहे. बोअर कधीच सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबून परत फिरते, तिथे तो सर्वांत जास्त झिजतो, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला अधिक. हेड काढल्यावर बोअरच्या वरच्या काठावरून नख फिरवा. नख अडेल असा कंगोरा लागला तर बोअरिंगशिवाय, म्हणजे भोक कापून मोठे केल्याशिवाय, सुटका नाही.

मूळ बोअर ८०.२६ मिलिमीटरचा आहे. ओव्हरसाइज पिस्टन २०, ३०, ४० आणि ६० थाऊचे मिळतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ६० थाऊला इंजिन १,८६८ सीसीचे होते आणि मूळ ब्लॉक सहसा तिथपर्यंत सुखाने जातो. त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, टाकून पुन्हा मूळ मापाला येता येते. म्हणजे ब्लॉकला तडा गेलेला नसेल, तर ‘हा ब्लॉक आता बोअर होत नाही’ हे इंजिन फेकण्याचे कारण होऊच शकत नाही. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. पिस्टन मोजायचे आणि त्या मापावर बोअर ठरवायचा. कॅटलॉगमधल्या आकड्यावर विसंबून आधीच बोअर केलेल्या ब्लॉकमध्ये पुढे पिस्टन एक तर खडखडतात, नाहीतर तापल्यावर धरतात. रिंगांचे गॅपही डब्यातून आले तसे वापरायचे नाहीत. प्रत्येक रिंग तिच्या बोअरमध्ये सरळ ठेवून फिलर गेजने मोजायची. बोअरच्या दर इंचाला साधारण ४ थाऊ, म्हणजे इथे १२-१३ थाऊ तरी हवेत. गॅप कमी राहिला तर गरम झाल्यावर रिंगेची दोन टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा तुकडा उडतो.

क्रँक आधी तड्यांसाठी चुंबकीय पद्धतीने तपासून घ्या, मगच ग्राइंडिंग. १०, २०, ३०, ४० थाऊ अंडरसाइज बेअरिंगे मिळतात. ग्राइंडरने जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्यातली गोलाई तशीच राखली आहे ना, ते आवर्जून पाहा. कोपरा धारदार राहिला की क्रँक पुढे तिथूनच तुटतो. तुमची गाडी १९६८ ची, म्हणजे पाच मेन बेअरिंगांच्या क्रँकची आहे. १९६४ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत तीनच मेन बेअरिंगे होती. खालचे अंग दणकट म्हणून या इंजिनाची ख्याती आहे ती या पाच बेअरिंगांमुळे, आणि बांधणीच्या बाजूने माझा कौल पडण्याचे तेही एक कारण आहे. दुसरे कारण सुट्या भागांचे. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. त्यामुळे पुश रॉडपासून तेलपंपापर्यंत सगळे नवे मिळते. ज्या इंजिनाच्या रिंगासुद्धा ऑर्डर देऊन बनवाव्या लागतात, त्या गाडीच्या मालकाला मी वेगळा सल्ला दिला असता.

स्वच्छतेबद्दल मी जरा जास्तच बोलतो, त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एक इंजिन बांधले होते. मापे अचूक, जुळणी चोख. तीनशे किलोमीटर चालले आणि बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग, वाजायला लागले. खोलले तर नव्या बेअरिंगवर जुन्या धातूचे कण रुतलेले. ते कण आले होते ऑइल कूलरमधून. आधीच्या बेअरिंगचा चुरा त्याच्या जाळीत अडकून बसला होता. मी कूलर पेट्रोलने धुतला होता आणि तेवढ्यावर समाधान मानले होते. ते इंजिन मला स्वखर्चाने पुन्हा बांधावे लागले. त्याहून जास्त लागले ते हे की, गाडीच्या मालकाचा अख्खा मोसम वाया गेला. तेव्हापासून बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर आणि त्याचे पाइप मी कधीच पुन्हा लावत नाही, नवे घेतो. तुमच्या गाडीला कूलर असेल तर तुम्हीही तेच करा. ब्लॉकच्या तेलवाहिन्यांची बुचे काढून आतून लांब ब्रश फिरवलाच पाहिजे, आणि कोअर प्लग काढून पाण्याच्या पोकळीत साचलेला गाळ खरवडला पाहिजे. मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरभोवती तो सर्वांत जास्त साचतो. ‘या गाड्या तापतातच’ अशी तक्रार असणाऱ्या कितीतरी गाड्यांत मला रेडिएटर निर्दोष आणि ब्लॉक गाळाने भरलेला सापडला आहे.

बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करतानाची वीस मिनिटे कॅमशाफ्टचे आयुष्य ठरवतात. सपाट टॅपेट आणि नवा कॅम एकमेकांवर बसायचे असतात, आणि त्यांना तेल मिळते ते मुख्यतः क्रँकच्या फिरण्याने उडालेले. आयडलिंगला ते पुरेसे उडत नाही. म्हणून सुरू होताच २,००० ते २,५०० आरपीएमवर धरायचे आणि वीस मिनिटे खाली येऊ द्यायचे नाही. त्यासाठी सुरू करण्याआधीच टायमिंग, पाणी, पेट्रोल सगळे बिनचूक हवे. या इंजिनाचा तेलपंप कोरडा असला तर तेल ओढायला नाखूश असतो. बसवतानाच तो पेट्रोलियम जेलीने भरायचा आणि प्लग काढून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवायचा. तेल जस्त आणि फॉस्फरस असलेले, जुन्या इंजिनांसाठीचे २०डब्ल्यू-५० घ्या. आजकालच्या तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या भल्यासाठी ही द्रव्ये कमी केलेली असतात, पण सपाट टॅपेटला ती लागतात. पहिले हजार किलोमीटर सिंथेटिक तेल नको, आणि एकाच वेगात तास न् तास चालवणे नको. ५०० किलोमीटरला तेल-फिल्टर बदला.

आता हायवेच्या इच्छेकडे येतो, कारण माझ्या अनुभवात इंजिन बदलायला निघालेल्या निम्म्या लोकांना मुळात इंजिन बदलायचेच नसते. त्यांना आवाज आणि धावपळ नको असते. तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर, नसेल तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन सुमारे ३,५०० आरपीएमला ओरडत असते. ओव्हरड्राइव्ह असेल तर तोच वेग सुमारे २,८०० ला मिळतो. हा फरक दोन तासांच्या प्रवासानंतर अंगाला कळतो. १९६७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून गिअरबॉक्समध्ये चारही गिअर सिंक्रोमेशचे (न खरखरता पडणारे) आहेत, आणि त्याच घराण्याचा ओव्हरड्राइव्हवाला बॉक्स तुमच्या गाडीत काही न कापता बसतो. तो मिळाला नाही तर फोर्डचा टाइप-९ पाच गिअरचा बॉक्स बसवण्याचे तयार किट आहेत. नीट बांधलेले मूळ इंजिन, चांगले केलेले हेड आणि ओव्हरड्राइव्ह एवढे जमले तर तुमची बहुतेक तक्रार तिथेच मिटेल. इंजिन-गिअरबॉक्स बाहेर काढलेलेच असताना हे काम केले तर वेगळी मजुरीही पडत नाही.

तरीही दुसरे इंजिन बसवण्याचा विचार पुरता फेटाळायचा नाही. तो नीट समजून घ्यायचा, आणि तो समजावायला एमजीबीइतके चांगले उदाहरण नाही, कारण हा प्रयोग कारखान्यानेच दोनदा केला. १९६७ ते १९६९ या काळात त्यांनी याच गाडीत २,९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवून एमजीसी काढली. इंजिन लांब आणि बिडाचे, फार जड. ते मावण्यासाठी पुढचे सस्पेन्शनच बदलून टॉर्शन बार लावावे लागले, बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. गाडीचे नाक जड झाले आणि वळणावर ती सुस्त आहे अशी टीका तिच्यावर झाली. मग १९७३ मध्ये त्यांनी रोव्हरचे ३,५२८ सीसीचे व्ही-८ बसवले. ते ॲल्युमिनियमचे, त्यामुळे आकाराने मोठे असूनही वजनाने जुन्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाइतकेच. त्या गाडीचा तोल बिघडला नाही. म्हणून कोणी इंजिन सुचवले की ताकदीच्या आधी त्याचे वजन विचारा, आणि ते वजन पुढच्या चाकांच्या किती पुढे किंवा मागे येणार तेही.

त्या व्ही-८ साठी कारखान्याला काय काय करावे लागले, तेही लक्षात घ्या. इंजिनाच्या बाजूचे पत्रे बदलले, रेडिएटर पुढे सरकवला, पुढच्या ब्रेकच्या डिस्क जाड केल्या, मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ३.९ वरून ३.०७ वर आणले. नकाशे आणि इंजिनिअर हाताशी असलेल्या कारखान्याला एवढे करावे लागले असेल, तर गॅरेजमध्ये तुमच्या वाट्याला त्याहून कमी येणार नाही. तुमची १९६८ ची बॉडी त्या व्ही-८ साठी घडवलेली नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंगचा दांडा एकाच जागेसाठी भांडतात.

आधुनिक चार सिलिंडरचे इंजिन घ्यायचे म्हटले तर पहिला प्रश्न: ते मुळात मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतले आहे का? माझदा एमएक्स-५ चे आहे, म्हणून ते लोकांना आवडते. गिअरबॉक्सही सोबत मिळतो. पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीतले इंजिन आडवे बसलेले असते. ते उभे वळवले की पाण्याचा निकास बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि आतल्या जागेमधल्या पत्र्यावर, आपटतो, स्टार्टरची जागा चुकते, तेलाचा चेंबर क्रॉसमेंबरला लागतो. चेंबर कापून वेल्ड केला तर आतली तेल ओढणारी नळीही नवी करावी लागते, आणि ती दोन मिलिमीटर चुकली तर वळणावर पंप हवा ओढतो.

इंजिन बसले की प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. त्याच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे आणि एकमेकांविरुद्ध नसतील तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते, आणि महिनोन् महिने लोक चाके बॅलन्स करत बसतात. पेट्रोलचे तर पूर्ण बिऱ्हाड बदलते. एसयू कार्ब्युरेटरला ३ पीएसआयच्या आसपास दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण ४३ लागतो. जुना रबरी पाइप आणि साधी क्लिप त्या दाबाखाली ठेवणे म्हणजे आगीला बोलावणे. टाकीला परतीची वाहिनी हवी, आत आडपडदे हवेत, नाहीतर टाकी निम्मी असताना वळणावर इंजिन श्वास तोडते. शिवाय ईसीयू (इंजिनाचा संगणक), क्रँक सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, आणि दाता गाडीच्या, म्हणजे इंजिन ज्या गाडीतून काढले तिच्या, इमोबिलायझरने त्यात घातलेले कुलूप. माझा नियम असा: दाता गाडी पूर्ण, चालती, चावीसकट मिळत असेल तरच हे काम हातात घ्या. नुसते इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून घेतले की पुढचे वर्ष सुटे भाग शोधण्यात जाते.

आणि मग ताकद. मूळ गाडी ९५ अश्वशक्तीची. मागे ड्रम ब्रेक, जुन्या पद्धतीचे लिव्हर आर्म डँपर (शॉक ॲब्सॉर्बर), तारेची चाके असतील तर त्यांचे स्प्लाइन. हे सगळे त्या ९५ च्या हिशेबाने बनलेले आहे. दीडपट ताकद दिली की एकेक भाग हात वर करतो. म्हणून इंजिन बदलण्याच्या खर्चात इंजिनाची किंमत हा लहान हिस्सा असतो. मोठा हिस्सा जातो तो त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींत आणि कोणाच्या तरी तासांत. अर्धवट थांबलेल्या जुन्या गाड्या मी खूप पाहिल्या आहेत. त्यातल्या बहुतेक इंजिन बदलताना थांबलेल्या होत्या, बांधताना थांबलेल्या मोजक्याच. बांधणीला शेवट असतो: सगळे भाग परत त्याच जागी जातात.

कागदपत्रांचे काम छोटे आहे, पण ते इंजिन विकत घेण्याआधी करा. नोंदणीवर इंजिन क्रमांक असतो, काही ठिकाणी बदलासाठी परवानगी आणि तपासणी लागते, विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघाताच्या दिवशी नडतो. मूळ क्रमांकाचे इंजिन गाडीत असल्याने किंमत किती वाढते, हे मॉडेलवर ठरते. एमजीबीसारख्या लाखांत बनलेल्या गाडीत तो फरक माफक असतो. जग्वारच्या एक्सके इंजिनासारख्या ठिकाणी, जिथे इंजिन हीच गाडीची ओळख आहे, तिथे मी दुसरे काही बसवायला हातच लावणार नाही.

एक मधली वाट आहे आणि ती फार कमी लोक सुचवतात: त्याच घराण्याचे दुसरे पाच बेअरिंगांचे इंजिन मिळवा, ते बांधा, ते गाडीत घाला. वडिलांचे इंजिन सिलिंडरमध्ये तेल सोडून, सगळी भोके बंद करून, कोरड्या जागी लाकडी चौकटीवर ठेवा. गाडी महिनोन् महिने जॅकवर उभी राहत नाही, एकही पत्रा कापावा लागत नाही, आणि मूळ ब्लॉकचे काम घाईशिवाय होते. ब्लॉकला तडा निघाला तर मी आधी हाच रस्ता घेईन.

मग दुसरे इंजिन बसवा असे मी कधी सांगतो? मूळ इंजिन आधीच हरवलेले असेल, किंवा त्याचे भाग मिळतच नसतील. गाडी रोज लांब चालवायची असेल. ब्रेक-सस्पेन्शनचा खर्च पहिल्या दिवसापासून धरलेला असेल. आणि तेच इंजिन त्याच गाडीत आधी कोणी तरी बसवून वर्षभर चालवलेले असेल. असा माणूस गाठा आणि त्याच्या गाडीत तासभर बसून या, उन्हात, ट्रॅफिकमध्ये. यातल्या पहिल्या दोन अटींपैकी एकही तुमच्या गाडीला लागू नाही.

तेव्हा या आठवड्यात चढावरचा धूर बघा, दुसरे गेज लावा, चारही सिलिंडरचे आकडे कोरडे आणि तेल घालून असे वहीत लिहा. गळती फक्त व्हॉल्व्हमधून निघाली आणि ३,००० आरपीएमला दाब ५० च्या वर राहिला, तर फक्त हेड उतरवा. ते दुकानात असेपर्यंत ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स शोधायला लागा, कारण चांगल्या अवस्थेतला मिळायला वेळ लागतो. झिजलेल्या खालच्या अंगावर नवे हेड बसवले की रिंगा लवकर जातात असे जुने मेकॅनिक सांगतात. लीक-डाऊनमध्ये गळती पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे असेल तर त्यांचे ऐका आणि सगळे एकदम करा. दहाच्या आत असेल तर निर्धास्तपणे हेड बसवा आणि गाडी चालवा.